पेनड्राइव्हवरचं क्यूजीआयएस सगळीकडे चालत नाही हो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरवर लेख आला, आवडला, पण शेवटी ‘पेनड्राइव्हवर टाका आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर चालवा’ असं जे लिहिलंय ते निम्मंच खरं आहे. विंडोजवरून विंडोजवर एकवेळ जमेल. तोच फोल्डर मॅकवर किंवा लिनक्सवर नेला की डबल क्लिक करत बसा, ढिम्म हलत नाही.

कारण क्यूजीआयएस एकटं कधी येतच नाही, मागे सगळं वऱ्हाड असतं. नकाशाच्या फायली वाचायला जीडाल, प्रोजेक्शनला (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायला) प्रोज, भूमितीच्या हिशोबाला जिओस, खिडक्या-बटणांना क्यूटी, प्लगिनला पायथन, आणि यातलं प्रत्येक त्या त्या सिस्टिमसाठी वेगळं कंपाइल करावं (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवावा) लागतं. हे काम बरेचसे लोक हौसेने, फुकटात करतात आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही ते सोडा. मॅकवर अजून वेगळीच गंमत, पॅकेजवर बनवणाऱ्याची डिजिटल सही नसेल तर मॅकचा सुरक्षा-पहारेकरी गेटकीपर सहजासहजी उघडू देत नाही. लिनक्सवर नव्या सिस्टिमवर बांधलेलं जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या मूळ लायब्ररीवर) चालत नाही, म्हणून लागणाऱ्या लायब्ररींची सोय करून येणारं फ्लॅटपॅक पॅकेज बरं पडतं.

पण प्रोग्राम उघडलाच नाही तर निदान कळतं तरी. खरी भीती प्रोजची. डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) बदलायला लागणारी ग्रिड फाईल (दुरुस्तीच्या आकड्यांचा तक्ता) पॅकेजमध्ये नसली तर ते कमी अचूक सूत्र वापरतं आणि नकाशा काही मीटर सरकतो, स्क्रीनवर मात्र सगळं झकास दिसतं. क्यूजीआयएस तशी सूचना देतं, पण त्या पिवळ्या पट्ट्या वाचतो कोण?

प्रोजेक्ट फाईलचंही तेच. ॲब्सोल्यूट पाथ (ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता) ठेवलात तर दुसऱ्या मशीनवर लेयर (नकाशाचे थर) सापडणार नाहीत. विंडोजला फाईलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल चालून जातं, लिनक्सला नाही. शेपफाईल या जुन्या नकाशा-फॉरमॅटच्या चार-पाच फायलींपैकी एखादी मागे राहतेच, शिवाय कॉलमचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं, त्यापेक्षा डेटा जिओपॅकेज या नव्या फॉरमॅटमध्ये द्या, सगळं एकाच फाईलमध्ये बसतं. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल कॉपी होत नाही हेही आयत्या वेळी कळतं.

ज्यांना खरंच काही इन्स्टॉल करायचं नाही त्यांच्यासाठी क्यूजीआयएस आधीच टाकलेलं ओएसजिओलाइव्ह आहे, पेनड्राइव्हवरून अख्खं लिनक्सच बूट होतं, पण नव्या ॲपल सिलिकॉन (ॲपलच्याच चिपच्या) मॅकवर तेही नाही.

क्यूजीआयएसच्या जीपीएल या खुल्या परवान्यामुळे कॉपी वाटायला कुणाची परवानगी लागत नाही (सोर्स कोड उपलब्ध ठेवायचा एवढंच), तेव्हा ट्रेनिंग घेणाऱ्यांनी एकच फोल्डर फिरवण्यापेक्षा तिन्ही सिस्टिमचे ऑफलाइन इन्स्टॉलर, तेही एकाच एलटीआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) व्हर्जनचे, सोबत ठेवावेत. आणि तुम्ही पुढच्या लेखासोबत कुठल्या सिस्टिमला कुठली फाईल घ्यायची याची छोटी चौकट छापलीत तर फार बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक