सव्वादोन सेंटिमीटर आणि तहसीलदाराची खुर्ची

संपादक महोदय,

पदकविजेत्या खेळाडूंना सरकारी सेवेत थेट नियुक्ती देण्याबद्दलची बातमी आपल्या अंकात वाचली. धोरणाला माझा विरोध नाही. पण महसूल खात्यात बत्तीस वर्षं काढून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, आणि आहे कोल्हापूरचा. त्यामुळे अशी बातमी आली की मला आधी जलतरणपटू वीरधवल खाडे आठवतो. (हुद्दा मिळाला तहसीलदाराचा, म्हणजे खरं तर ‘खाडेसाहेब’ लिहायला हवं. हात तसा वळत नाही, माफी असावी.)

तालमी आणि फुटबॉलच्या या गावातला हा पोरगा सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ. जलतरणात भारताला आशियाई पदक मिळालं ते खजानसिंग यांच्या १९८६ च्या रौप्यानंतर थेट तेव्हा, चोवीस वर्षांनी. २०११ ला अर्जुन पुरस्कार. वय वीस. आणि मग तहसीलदारकी.

तहसीलदाराचा दिवस मी टेबलापलीकडून पाहिलेला आहे. पहाटे वाळूच्या गाड्या धरायला जायचं, अकराला सुनावण्या, दुपारी वरिष्ठांशी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), संध्याकाळी कुठल्या तरी मोर्चाचं निवेदन घ्यायचं. पाऊस जास्त झाला की पंचनामे, निवडणूक लागली की घरच विसरायचं. पोहणाऱ्याला सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाण्यात उतरावं लागतं. या दोन गोष्टी एका माणसात कशा बसवायच्या? लंडन आणि रिओ ही दोन्ही ऑलिंपिकं त्याच्याविना झाली. नोकरीमुळेच हुकली असं मी म्हणणार नाही, पण जलतरणपटूची ऐन उमेदीची वर्षं तीच असतात.

तरीही तो परत आला, आणि २०१८ ला जकार्तात जे झालं ते मी आजवर कितीजणांना कागदावर आकडे मांडून सांगितलं असेल. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या सकाळच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंद, नवा राष्ट्रीय विक्रम. जुना विक्रमही त्याचाच, २२.५२, २००९ चा. म्हणजे ज्या काळात अंगाला चिकटणारे पॉलियुरेथेनचे पोशाख चालत होते (२०१० पासून त्यांवर बंदी आली), त्या काळातली वेळ याने नऊ वर्षांनी, सरकारी नोकरी सांभाळून मोडली. अंतिम शर्यतीत तो २२.४७ मध्ये भिंतीला पोचला. ब्राँझ मिळालेल्या जपानच्या नाकाओची वेळ २२.४६. सेकंदाचा शंभरावा भाग! सरासरी वेगाने हिशेब केला तर हे अंतर जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर भरतं. पन्नास मीटर पोहून पदक एवढ्याशा अंतराने गेलं. सकाळची वेळ संध्याकाळी आली असती तर ब्राँझ त्याचंच होतं.

पुढे कोरोनात तलाव महिनोन्‌महिने बंद राहिले, तेव्हा निवृत्तीचा विचार करावा लागेल असं त्याने जाहीरपणे सांगितलं होतं. अखेर २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन तो थांबला. महिलांची तीच शर्यत त्याची पत्नी ऋजुता हिने जिंकली. घरात एकाच शर्यतीची दोन सुवर्णं, हे मला फार आवडलं.

माझं म्हणणं एवढंच, की नोकरीचं बक्षीस द्या, पण खेळ चालू असताना खुर्चीत बसवू नका. विशेष नैमित्तिक रजा मिळते ती स्पर्धेपुरती, वर्षभराच्या सरावाला ती कशी पुरणार? नियुक्तीपत्र आज द्यावं, पदावर रुजू व्हायची मुभा खेळ संपल्यावर असावी, मधला काळ पूर्ण पगारी आणि ‘कर्तव्य कालावधी’ समजावा, ज्येष्ठता नियुक्तीच्या तारखेपासून धरावी. जीआरमध्ये यासाठी दोनच वाक्यं वाढवावी लागतील. मंत्रालयात कुणाला वेळ नसेल तर मसुदा मी करून देतो, हयातभर दुसरं काय केलं!

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, कोल्हापूर