शेजारचे डच ओपा आणि आमची प्रार्थना

प्रति,
मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे धरमपेठच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं, परदेशात गेलेली पोरं सगळं विसरली, नातवंडांना आजीशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं त्याचं हे फळ वगैरे. वाचून आधी मी मान हलवली, बायकोला पण वाचून दाखवलं. मग रात्री झोप नाही आली, कारण मला आमच्या पोराच्या शेजारचे ओपा आठवले.

मी विजेच्या खात्यातून रिटायर झालेला माणूस. पोरगा कॅनडात, ओंटारियो प्रांतात हॅमिल्टनजवळ राहतो, गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं पाच महिने तिकडे होतो (नागपूरचं ऊन चुकवायला, खरं कारण तेच). शेजारी एक डच कुटुंब, धर्म पाळणारं प्रोटेस्टंट ख्रिस्ती. म्हातारे ऐंशी पार, सगळे त्यांना ओपा म्हणतात, डच भाषेत ओपा म्हणजे आजोबा, तर मी पण ओपाच म्हणायचो. पहिल्या आठवड्यात मी रविवारी पोराचं लॉन कापायला काढलं, हातपाय मोकळे होतील म्हणून, तर ओपा कुंपणाशी येऊन नुसते उभे राहिले. बोलले काही नाही. पोरगा धावत आला, बाबा आज नको, ते लोक रविवारी मशीन नाही चालवत. मला रागच आला, आपल्या घरचं गवत आपण कधी कापायचं हे शेजारी ठरवणार का. पण सोमवारी म्हातारा स्वतःच भोपळ्याची ‘पाय’ (त्यांच्याकडचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ) घेऊन आला आणि तिथून आमचं जमलं.

त्यांची गोष्ट अशी. ३१ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५३ च्या मधल्या रात्री नेदरलँड्सच्या झीलंड भागात समुद्राचे बांध फुटले, १८३६ माणसं गेली. यांचे वडील शेतमजूर, घर गेलं, गाई गेल्या. युद्धानंतर तशीही त्या देशात जमीन कमी आणि माणसं जास्त अशी गत होती, सरकारच लोकांना बाहेर पाठवून राहिलं होतं, एकट्या कॅनडात दीड लाखाच्या वर डच गेले. देशाबाहेर पैसा फारसा नेता यायचा नाही म्हणून लोक असलेल्या पैशाचं सामान घेऊन एका मोठ्या लाकडी पेटाऱ्यात भरायचे, त्याला ते किस्ट म्हणतात. पलंग, शिवणयंत्र, सायकली, पोरांचे पुढच्या तीन वर्षांचे कपडे, आणि सगळ्यात वर बायबल. जहाजाने हॅलिफॅक्स, तिथून आगगाडी, आणि मग स्पॉन्सर शेतकऱ्याकडे वर्षभर मजुरी. आठ लेकरांना राहायला दिलं काय तर कोंबड्यांचा रिकामा खुराडा. ओपा तेव्हा दहा वर्षांचे, म्हणे थंडीपेक्षा वास जास्त लक्षात आहे. आणि गंमत बघा, पुराला कंटाळून आलेली ही माणसं हॉलंड मार्श नावाच्या भाजीपाल्याच्या खोलगट पट्ट्यात कामाला लागली, तर ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल नावाचं वादळ आलं आणि तो सगळा पट्टा पाण्याखाली. वडील म्हणाले असतील देवा तू पत्ता बरोबर शोधलास. पण नाही, त्या रात्री पण उंच जागी चढून आधी स्तोत्र म्हटलं आणि मग गाजरं किती वाचतील याचा हिशोब केला, असं ओपा सांगतात.

आता मुद्द्याचं. ओपांच्या घरी मला संध्याकाळी जेवायला बोलावलं. जेवण सहाला, आपल्याकडे तो चहाचा टाइम. जेवण झालं की कोणी उठत नाही. मोबाईल ड्रॉवरमध्ये. ओपा बायबल काढून काल जिथे थांबले तिथून पुढे वाचतात, रोज, क्रमाने, काही गाळायचं नाही. त्या दिवशी नेमकं इतिहास नावाच्या पुस्तकातली वंशावळ आली, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका, दीड पान नुसती नावं, सतरा वर्षांची नात जांभया दाबून राहिली होती पण बसली होती. मी विचारलं एवढं तरी सोडून द्यायचं ना, तर म्हणाले ही पण माणसंच होती. वाचन इंग्रजीत. कारण डच भाषा त्या घरात फक्त ओपांनाच येते! त्यांच्या मुलांना थोडी समजते, नातवंडांना ओपा, ओमा (म्हणजे आजी) आणि दोनचार खायचे पदार्थ, बस. चर्चमध्ये पण डच भाषा केव्हाच बंद झाली. भाषा या लोकांनी बिनबोभाट सोडली, त्यासाठी ना मंडळ काढलं ना संमेलन भरवलं. पण जेवणानंतरचं बायबलचं पान सोडलं नाही, रविवारी दोनदा चर्च सोडलं नाही, आणि दुपारच्या प्रवचनाला १५६३ सालची हायडेलबर्ग नावाची धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरी सोडली नाही, १२९ प्रश्न, ५२ रविवारांत वाटलेले. मी पण एकदा गेलो. पाद्रीसाहेबांनी सुरू केलं की ओमाच्या पर्समधून पांढरी जाड पेपरमिंटची गोळी ओळीने सगळ्यांच्या हातात, मला पण मिळाली, प्रवचन संपायच्या कितीतरी आधी माझी विरघळून गेली, ओपांची शेवटपर्यंत टिकली. त्याची प्रॅक्टिस लागते म्हणे.

शाळांचं तर विचारू नका. ओंटारियोत कॅथलिक शाळांना सरकार पैसा देते पण यांच्या शाळांना नाही, म्हणजे टॅक्स पण भरा आणि वरून फी पण. खुराड्यात राहिलेल्या मजुरांनी वर्गणी काढून शाळा उभ्या केल्या, आणि १९८२ मध्ये हॅमिल्टनला रिडीमर नावाचं कॉलेज काढलं, आता ते युनिव्हर्सिटी आहे.

सगळं गोड आहे असं समजू नका. भांडणं पण किस्टमध्येच भरून आणली. १९४४ मध्ये देशात जर्मन बसलेले, लोक उपाशी मरायच्या बेतात, आणि यांच्या चर्चची सभा बाप्तिस्म्याच्या अर्थावरून क्लास स्किल्डर नावाच्या प्रोफेसरला काढून टाकून राहिली होती. त्यातून झालेली फूट कॅनडात पण आली, ओपांचे सख्खे चुलतभाऊ दुसऱ्या चर्चचे, कित्येक वर्षं एकमेकांच्या लग्नाला नाही गेले. त्यांच्यातच म्हण आहे, एक डच म्हणजे धर्मपंडित, दोन म्हणजे चर्च, तीन म्हणजे फूट. मला आपल्या तिकडच्या गणेश मंडळांची आठवण झाली, एका शहरात दोन गणपती, दोन अध्यक्ष. आणि ओपांची मोठी मुलगी कॅथलिक मुलाशी लग्न करून गेली तेव्हा ओपा लग्नाला गेले नाहीत, हे सांगताना म्हातारा खिडकीतून बाहेर बघत होता.

तर धरमपेठच्या काकांना माझं सांगणं एवढंच. माझे वडील काटोलकडच्या आमच्या गावात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना चालवायचे, रोज संध्याकाळी, पाऊस असो की संत्र्याचा तोडा असो. महाराजांच्या आश्रमाला मोझरीला पायी गेलेला माणूस. मी नोकरीला नागपुरात आलो, शिफ्ट ड्युटी लागली म्हणून आधी प्रार्थना आठवड्यातून एकदा केली, मग सणावारी, मग टीव्हीवर सिरीयल सुरू झाल्या त्याच वेळेला, मग बंदच. पोरगा तेव्हा सहासात वर्षांचा असेल, प्रतापनगरच्या याच घरात होता, कॅनडात नव्हता. मग तिकडे जाऊन तो काय विसरणार? मी त्याच्या हातात दिलंच काय होतं.

परत यायच्या आदल्या दिवशी ओपा आमच्याकडे चहाला आले होते, म्हणाले तुमचं एखादं म्हणून दाखवा. नातवाकडे बघितलं, त्याने बापाकडे बघितलं, बापाने माझ्याकडे. मी डोळे मिटून हात जोडले आणि प्रार्थना सुरू केली, आणि साहेब, तिसऱ्या ओळीला अडकलो. बायकोने सांभाळून घेतलं, तिला दोन ओळी जास्त येत होत्या. ओपा शेवटपर्यंत मान खाली घालून बसले होते, त्यांना वाटलं एवढीच आहे.

वडिलांचं प्रार्थनेचं पुस्तक माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असायला पाहिजे. काल शिडी लावली होती, बायको ओरडली या वयात चढू नका म्हणून. रविवारी भाचा येऊन राहिला आहे, त्याला चढवतो.

आपला एक जुना वाचक,
प्रतापनगर, नागपूर