गोलरक्षक तेवढी हवी आहे

दांडिया बाजार, बडोदे
८ डिसेंबर

प्रिय वृंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. उत्तराला उशीर का झाला हे सांगितले, तर तू आधी हसशील आणि मग मला वेड्यात काढशील. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी लॅक्रॉसचा, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाचा, संघ काढला आहे, तोही फक्त बायकांचा, आणि आमच्यापैकी एकीनेही गेल्या उन्हाळ्यापर्यंत या खेळाचे नाव ऐकलेले नव्हते.

मे महिन्यात मी भाचीकडे बाल्टिमोरला गेले होते, हे तुला ठाऊक आहेच. तिची मुलगी शाळेत हा खेळ खेळते. एका संध्याकाळी मुलींचा सराव आटोपल्यावर त्याच मैदानावर माझ्या वयाच्या दहा-बारा बायका जाळीच्या काठ्या घेऊन उतरल्या. कोणी धापा टाकत होती, कोणी मध्येच पाणी प्यायला बाहेर येत होती, आणि गोल किती झाले असे मी एकीला विचारले, तर तिला ते सांगताच येईना. ते दृश्य काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलेना. परतताना मी दोन काठ्या विकत घेतल्या. मीटरभर लांबीची काठी बॅगेत मावणार कशी, या चिंतेत असताना भाचीने एक स्क्रू काढून जाळीचे डोके दांड्यापासून वेगळे केले आणि दोन्ही काठ्या साड्यांच्या घडीत घालून दिल्या.

लॅक्रॉसच का, खो-खो का नाही, असे सासूबाईंपासून सगळ्यांनी विचारून झाले आहे. प्रश्न रास्त आहे, कारण हे गाव जुम्मादादांच्या व्यायामशाळेचे आणि व्यायामाचार्य प्रोफेसर माणिकरावांचे, आणि हुतूतूचे नियम ठरवण्यात १९२३ साली पुढाकार घेतला तो इथल्याच हिंद विजय जिमखान्याने. पण खो-खो काढला असता, तर शाळेत खेळलेल्या चौघी आणि कधीच न खेळलेल्या बाकीच्या, असे दोन तट पहिल्याच दिवशी पडले असते. लॅक्रॉसमध्ये आम्ही सगळ्याच सारख्या ढ आहोत. चाळिशीनंतर चारचौघींत चुकायला जो संकोच वाटतो, तो सगळ्याच चुकत असल्या की आपोआप गळून पडतो, हे मी या तीन महिन्यांत रोज पाहते आहे.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासींचा. त्यांच्यातले हौडेनोसौनी लोक त्याला आजही देवाला अर्पण केलेला खेळ मानतात. १८६७ मध्ये मॉन्ट्रियलच्या बिअर्स नावाच्या दंतवैद्याने त्याचे लेखी नियम केले. (काठ्या आणि दगडासारखा चेंडू, तेव्हा दंतवैद्याला त्यात रस वाटावा हे ठीकच!) पुढे लुईसा लम्सडेन या माजी मुख्याध्यापिकेने तो कॅनडात पाहिला आणि १८९० साली स्कॉटलंडमधील तिच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत मुलींचा पहिला सामना झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस येणार, हा निर्णय तर आपल्या मुंबईत झाला, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या ऑक्टोबर २०२३ च्या बैठकीत. पण त्याच दिवशी क्रिकेटचाही समावेश झाल्याने आपल्याकडे दुसरे काही कोणाच्या नजरेस पडले नाही. तिथे खेळणार आहेत तो प्रकार सहा-सहा जणींचा, ७० बाय ३६ मीटरच्या मैदानावरचा. आम्हीही तोच धरला आहे, कारण गटात नावे चौदा असली, तरी पहाटे सहाला नऊच जणी उगवतात.

मैदानाची परवानगी काढताना मात्र माझा अंत पाहिला गेला. अर्जाच्या छापील यादीत हा खेळ नाही, म्हणून कारकुनाने तीन खेपा घालायला लावल्या आणि अखेर ‘हॉकी व इतर’ अशी नोंद करून एक कोपरा दिला. गोल आम्ही प्लंबरकडून पाइप कापून करवला, सहा फूट बाय सहा फूट, आणि त्याला क्रिकेटची जुनी जाळी शिवली. बाकीच्या काठ्या मागवल्या आहेत. त्या येईपर्यंत दोन काठ्यांवर पाळी लावून भागवतो.

चेंडू जाळीत ठेवून पळायचे, तर मनगटाने काठी सतत डोलवत राहावी लागते, नाहीतर तो बाहेर उडतो. इंग्रजीत त्या क्रियेला पाळणा हलवणे असेच म्हणतात. हे ऐकून आमच्या शैलाताई म्हणाल्या, “म्हणजे तीस वर्षांचा सराव आहेच की!” जमिनीवरचा चेंडू उचलायला सगळ्यांनाच जड जात होते. काठी उभी धरून टोचत राहिले की तो पुढे घरंगळतो. मग सुपलीत केर भरताना आपण वाकतो, तसे गुडघ्यांत वाकून काठी जवळजवळ आडवी करून पुढे सरकवायला सांगितले, आणि त्या सकाळी सात जणींनी धावता धावता चेंडू उचलला. शेजारच्या गुजराती मैत्रिणीही येतात, त्यामुळे मैदानावर “मने आप, मने आप!” (मला दे, मला दे!) असा एकच गलका असतो. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळणाऱ्या या बायका माझ्याआधी दमत नाहीत, हे मी निमूटपणे मान्य केले आहे.

एक चूक माझ्या हातून झाली. खरा चेंडू भरीव रबराचा, दीडशे ग्रॅमच्या आत-बाहेर. तो पहिल्याच महिन्यात वापरायचा हट्ट मी धरला आणि मेधाच्या गालफडावर तो बसला. हाड वाचले, पण पंधरा दिवस ती निळा गाल घेऊन बँकेत जात होती आणि मला तिच्या घरी तोंड दाखवायची लाज वाटत होती. तेव्हापासून टेनिसचा चेंडू, आणि डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय कोणी आत यायचे नाही. बायकांच्या मैदानी लॅक्रॉसमधला आणखी एक नियमही आम्ही उचलला: नेम धरलेली खेळाडू आणि गोल यांच्या मधल्या वाटेत, कोणाला अडवायचे नसताना, नुसते उभे राहणे हा दोष. अंगावर जाणे तर निषिद्धच.

आता मुख्य काम. गोलात उभी राहायला आमच्यातली एकही तयार नाही. पाळी आली की प्रत्येकीला घरचे काम आठवते. या सहा जणींच्या प्रकारात गोल झाल्यावर पुन्हा खेळ सुरू करायचा तोही गोलरक्षकानेच, त्यामुळे ती जागा रिकामी ठेवून चालतच नाही. तू विद्यापीठाच्या हॉकी संघात चार वर्षे गोल राखलास. आठ दिवस ये आणि चेंडू अंगावर येताना डोळे मिटू नयेत, एवढे तरी आम्हाला शिकव. जानेवारीच्या १४-१५ तारखांना उत्तरायण असल्याने मैदान पतंगवाल्यांचे असते आणि नंतरही दोन दिवस गवतातला मांजा वेचण्यात जातात, तेव्हा १८ नंतरचे तिकीट काढ. येताना तुझे हेल्मेट, गळ्याचा पट्टा आणि चेस्ट गार्ड आण. पायांचे ते अगडबंब पॅड मात्र राहू देत, कारण इथे गोलरक्षकालाही धावावे लागते.

तुझी,
मंजिरी

ता. क. चष्म्यावरून घालायचे गॉगलही मिळतात, तेव्हा ती सबब चालणार नाही.