चाळीस वेळा एका दिवसात की दहा-दहा करून चार दिवसांत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आली की आमच्या भागात क्लासवाले 'एका रविवारी पूर्ण सायन्स' असल्या बॅच काढतात. माझी मुलगी गेल्या वर्षी अशाच एकीत जाऊन आली, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, रात्री जेवताना पहिली २० मूलद्रव्यं धडाधड म्हणून दाखवली आणि गुरुवारी विचारलं तर बेरिलियमच्या पुढे गाडी हलेना. रडकुंडीला आली पोर, म्हणे माझं डोकंच चालत नाही. म्हणून हे पत्र, कारण यात तिच्या डोक्याचा काहीच दोष नाहीये.

२००० साली ज्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं त्या न्यूयॉर्कच्या मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी स्मरणशक्ती समजून घ्यायला कित्येक वर्षं समुद्री गोगलगायीवर काम केलं. तिला हलका स्पर्श केला की ती कल्ले आत ओढते, पण परत परत केला की याने काही होत नाही हे तिला कळतं आणि ओढणं कमी होतं. एकाच दिवशी सलग ४० स्पर्श केले तर ती हे एकच दिवस लक्षात ठेवते, रोज १० असे चार दिवस केले तर कित्येक आठवडे! स्पर्श तेवढेच, ४०च.

पुढे मायक्रोस्कोपखाली बघितलं तर तिच्या चेतापेशींची रचनाच बदललेली. स्पर्श जाणवणाऱ्या एका संवेदी पेशीची पुढच्या पेशींशी साधारण १,३०० जोडण्यांची टोकं असतात, शेपटीला शॉक देऊन गोगलगायीला सावध राहायला शिकवलं की ती २,७०० च्या आसपास जातात, आणि दुर्लक्ष करायला शिकवलं की ८५० वर येतात. म्हणजे कायमचं लक्षात राहणं हे चक्क बांधकाम आहे, त्याला नवीन प्रोटीन लागतं, वेळ लागतो, स्लॅब टाकल्यावर रोज पाणी मारावं लागतं ना तसंच. गोगलगाय म्हणजे माणूस नाही हे मान्य, पण थोडं थोडं रोज केलेलं जास्त टिकतं हे माणसांतही दिसलेलं आहे.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं, सावध राहायला शिकलेली गोगलगाय ते विसरली तरी ती टोकं परत १,३०० वर येत नाहीत, १,५०० च्या आसपास थांबतात, म्हणजे शिकलेलं अगदीच पुसलं जात नाही. हे मी लेकीला सांगितलं आणि रोज जेवणानंतर दहा मिनिटं घेऊन बसलो, चौथ्या दिवशी ती विसाव्या कॅल्शियमपर्यंत न अडखळता गेली.

क्लासवाल्यांना हात जोडून विनंती, पोर्शन तोच ठेवा, फी पण तीच घ्या, फक्त तो रविवार चार संध्याकाळींत वाटून द्या.

आपली,
एक पालक, कोल्हापूर