तेरा वर्तमानपत्रे, एक अग्रलेख

चीनचा विषय निघाला की ‘पोट भरलं ना, मग स्वातंत्र्य हवंय कशाला?’ हा सूर हमखास लागतो. चाळीस वर्षांत सुमारे ८० कोटी लोक अतिदारिद्र्यातून वर आले, हे नाकारणे कोतेपणाचेच ठरेल. पण वुहानचे डॉ. ली वेनलियांग आठवा. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी सहकारी डॉक्टरांना नव्या आजाराबद्दल सावध केले. पोलिसांनी बोलावून समज दिली. त्या कागदावरच्या ‘समजले का?’ या प्रश्नाखाली ‘समजले’ असे लिहून त्यांना लाल शाईचा अंगठा उठवावा लागला. फेब्रुवारीत करोनानेच ते गेले.

आणखी एक, खास संपादकांसाठी. शहरे उभारणाऱ्या खेड्यातल्या मजुरांना ‘हुकोऊ’ या मूळ गावाशी बांधलेल्या कुटुंब-नोंदणीमुळे त्याच शहरात मुलांच्या शाळाप्रवेशासाठी खेटे घालावे लागतात. ही पद्धत सुधारा, असा संयुक्त अग्रलेख मार्च २०१० मध्ये तिथल्या तेरा वर्तमानपत्रांनी छापला. मागणी काय, तर सामाजिक प्रगतीचीच! अग्रलेख लगोलग संकेतस्थळांवरून उडाला आणि तो लिहिणाऱ्यांपैकी एका संपादकाचे पद गेले.

– एक वाचक, सांगली