पहाटे पावणेचारची पट्टी

सिस्टर, स.न.वि.वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही. जानेवारीतल्या त्या रात्रपाळीला तुम्ही होतात, एवढी खूण पुरे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. दिवसभर पोती मोजतो, माडीवर दहादा चढतो-उतरतो, छातीत काही नाही. दुखायचं ते पहाटे, गाढ झोपेतून उठवून. छातीवर पोतं टाकल्यासारखं, जबड्यापर्यंत कळ, दरदरून घाम. दहा मिनिटांत सगळं गायब. दवाखाना उघडेपर्यंत मी ठणठणीत! म्हणून ईसीजी स्वच्छ, टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) स्वच्छ, अँजिओग्राफीतही ब्लॉकेज नाही. एकीकडे ‘ॲसिडिटी’, दुसरीकडे ‘मनाला लावून घेता’. बायको ओवा चारत राहिली. मलाही वाटायला लागलं, आपणच नाटकी.

त्या पहाटे पावणेचारला वॉर्डात कळ आली, तेव्हा लाजेपोटी मी बेल दाबली नाही. बनियन मुठीत धरून बसलेला तुम्हाला दिसलो आणि तुम्ही ईसीजी मशीनची ट्रॉली ओढतच आलात. “अजून दुखतंय ना? मग हलू नका.” गारेगार जेली, चिमटे, पट्टी निघाली, लगेच जिभेखाली सॉर्बिट्रेट, रक्तनळ्या सैल करणारी गोळी. कळ ओसरल्यावर दुसरी पट्टी. दोन्हींवर पेनाने वेळ घातलीत. पहिलीत ईसीजीतल्या ‘एसटी’ नावाच्या भागाची रेष टेकडीसारखी वर चढलेली, दुसरीत मुकाट जागेवर.

त्या दोन कागदांवर डॉक्टरांना निदान सापडलं. पोटरीत गोळा येतो तसा हृदयाच्या धमनीचा स्नायू आवळतो, रक्त अडतं. सुटला की नळी पुन्हा मोकळी. प्रिन्झमेटल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी 1959 मध्येच हे दुखणं लिहून ठेवलंय म्हणे: आराम करताना येणारं, बहुतेक मध्यरात्र ते पहाट. नळी मोकळी दिसली तरी यानेही अटॅक येऊ शकतो, हे ऐकून मात्र घशाला कोरड पडली. नळ्या आवळू न देणारी डिल्टियाझेम गोळी सुरू झाली. धडधडीसाठी घेत होतो ती प्रोप्रानोलॉल बंद, कारण तिने आवळणं वाढू शकतं. आणि विडी बंद. ही सगळ्यात अवघड. यार्डात कुणी बंडल पुढे केलं की हात अजून खिशातच घट्ट धरतो.

बेल न दाबल्याबद्दल तुम्ही मला चांगलंच झापलंत. घरी सांगितल्यावर बायकोने देवघरातली जुनी घंटा माझ्या उशाशी आणून ठेवली आहे.

आपला,
खाट नंबर सात