यानिससाठी नऊ लाख चौऱ्याऐंशी हजार कमी

पुणे, २० ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. निम्मं एनबीएतल्या आपल्या बॉस्टन सेल्टिक्सचा संघ बांधणाऱ्या ब्रॅड स्टीव्हन्सना शिव्या घालण्यात गेलंय आणि उरलेल्या निम्म्यात तू मिलवॉकीच्या यानिस अँटेटोकुन्म्पोला बॉस्टनमध्ये आणून बसवलंयस. हॉलिडे आणि पोर्झिंगिसच्या ज्या ट्रेड्सवरून (खेळाडूंच्या अदलाबदलींवरून) तू एवढा चिडलायस त्या झाल्या नसत्या, तर यानिसचं नाव काढायचीसुद्धा सोय राहिली नसती. कॅल्क्युलेटर घेऊन बस, म्हणजे भांडण लवकर मिटेल.

तुझा प्रस्ताव असा: जेलन ब्राउन द्या, यानिस घ्या, वर दोन-चार पिक्स (ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायच्या पाळ्या) टाका. येत्या हंगामात यानिसचा पगार ५ कोटी ४१ लाख २६ हजार डॉलर, ब्राउनचा ५ कोटी ३१ लाख ४२ हजार. फरक नऊ लाख चौऱ्याऐंशी हजारांचा. या पगारांच्या मानाने चिल्लरच, पण ट्रेड नेमकी तिथेच अडकते. लीगने संघाच्या एकूण पगारावर आखलेल्या वरच्या दोन रेषा म्हणजे एप्रन. ट्रेडनंतर ज्या संघाचा एकूण पगार पहिल्या एप्रनच्या वर राहतो, त्याला दिलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त परत घेता येत नाही. म्हणजे ब्राउनसोबत आणखी कुणीतरी जायलाच हवा, बेंचवरचा वीस-बावीस लाखवाला पोरगा का असेना. आता दोन पगारांची बेरीज करून एक खेळाडू घ्यायचा म्हटलं, तर दुसऱ्या एप्रनच्या वरच्या संघाला तेच करायला बंदी आहे. त्यांना एकाच्या पगारात एकच बसवता येतो. जूनमधला सेल्टिक्सचा संघ तसाच ठेवला असता तर यानिसचा विषय या दहा लाखांच्या आतच संपला असता.

रेषा कुठे आहेत ते एकदा लिहून ठेव. २०२५-२६ ची सॅलरी कॅप (पगारांची मूळ मर्यादा) १५ कोटी ४६ लाख डॉलर, लक्झरी टॅक्सची रेषा १८ कोटी ७९ लाख, पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाख आणि दुसरा एप्रन २० कोटी ७८ लाख. टॅक्स म्हणजे नुसते पैसे. मालकाची तयारी असेल तर भरून मोकळं होता येतं. दुसऱ्या एप्रनचं तसं नाही, तिथे हात बांधले जातात. पगारांची बेरीज बंद, ट्रेडमध्ये रोख रक्कम देणं बंद, साइन-अँड-ट्रेडने (जुन्या संघाने करार करून लगेच ट्रेड केलेला) कुणाला आणणं बंद, मिड-लेव्हल एक्सेप्शनसुद्धा (कॅपच्या वर असतानाही नवा खेळाडू घ्यायची सवलत) नाही. शिवाय सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीची पिक गोठते. बॉस्टन २०२४-२५ चा हंगाम संपताना या रेषेच्या वर होतं, म्हणून २०३२ ची पिक आज ट्रेडमध्ये घालता येत नाही. पुढच्या चारपैकी तीन हंगाम रेषेखाली राहिलं तरच ती सुटते. चारांत दोनदा वर गेलं तर ती पिक थेट पहिल्या फेरीच्या शेवटी ढकलली जाते, मग संघ तळाला असला तरी उपयोग नाही.

आता तुझ्या त्या ‘दोन-चार पिक्स’. २०२९ ची आपली पिक पोर्टलंडकडे आहे, गार्ड जरू हॉलिडेला आणताना दिलेली. लागोपाठच्या दोन वर्षांत पहिल्या फेरीची पिक नाही अशी वेळ कुठल्याही संघाला आणता येत नाही, हा स्टेपियन नियम. त्यामुळे २०२८ आणि २०३० आपोआप अडकल्या. २०२८ वर तर डेरिक व्हाइटच्या ट्रेडपासून सॅन अँटोनिओचा अदलाबदलीचा हक्कही आहे. २०३२ गोठलेली. उरल्या २०२६, २०२७ आणि २०३१. पहिल्या दोन लागोपाठच्या, म्हणून त्यांतली एकच. एकूण झाल्या दोन. याच जूनमध्ये ऑर्लँडोने डेस्मंड बेनसाठी मेम्फिसला पहिल्या फेरीच्या चार पिक्स, एक स्वॅप (पिक अदलाबदलीचा हक्क) आणि वर दोन खेळाडू दिले. बेन चांगला आहे, पण तो एकदाही ऑल-स्टार झालेला नाही. यानिसचा भाव तू कर.

तर ज्यांना तू ‘फुंकून टाकलेल्या ट्रेड्स’ म्हणतोस, त्या बघ. हॉलिडेचा पगार ३ कोटी २४ लाख, त्याच्या जागी आलेल्या अँफर्नी सायमन्सचा २ कोटी ७७ लाख. वाचले ४७ लाख. पोर्झिंगिस ३ कोटी ७ लाखांचा, त्याच्या बदल्यात जॉर्जेस नियांग ८२ लाखांचा. वाचले सव्वादोन कोटी. मग नियांगलाही दोन दुसऱ्या फेरीच्या पिक्स लावून युटाला पाठवलं आणि टू-वे करारावरचा (मुख्य आणि खालच्या लीगमध्ये मिळून खेळवायचा, स्वस्तातला) एक मुलगा घेतला. एकूण साडेतीन कोटींच्या वर पगार कमी झाला. आणि बॉस्टन आता ‘रिपीटर’ (वारंवार टॅक्स भरणारा संघ) असल्यामुळे टॅक्सचे दर भयंकर आहेत. आयकराच्या स्लॅबसारखीच रचना: रेषेवरच्या पहिल्या सुमारे ५७ लाखांवर डॉलरमागे ३ डॉलर, पुढच्या तेवढ्यावर सव्वातीन, मग साडेपाच, मग पावणेसात. म्हणजे वरच्या स्लॅबमधला एक डॉलर पगार मालकाला पावणेआठ डॉलरला पडतो. जुना संघ ठेवला असता तर पगार आणि टॅक्स मिळून खर्च ५० कोटींच्या घरात गेला असता, तोही संघाचा मुख्य खेळाडू जेसन टेटम जायबंदी असताना.

हॉलिडेच्या ट्रेडमध्ये पोर्टलंडकडून मिळायच्या दोन दुसऱ्या फेरीच्या पिक्स शेवटी सौद्यातून निघाल्या, त्याबद्दलचा तुझा राग मला मान्य आहे. पण पस्तीस वर्षांचा गार्ड, अजून तीन वर्षं, १० कोटी ४० लाख बाकी. आणि बॉस्टनला विकणं भाग आहे हे सगळ्या लीगला ठाऊक. त्याच्या बदल्यात याच हंगामाअखेर संपणारा करार मिळाला, हा सौदा मला तरी बरा वाटतो. पोर्झिंगिसचं मात्र मलाही वाईट वाटतं. गेल्या हंगामात तो ४२ सामनेच खेळला, तरीही.

कारण खरा खड्डा तिथेच पडलाय. गेल्या वर्षी सेल्टिक्सने अख्ख्या हंगामात दोनपेक्षा तीन पॉइंटचे शॉट्स जास्त घेतले, याआधी असं ह्यूस्टनने केलं होतं. हे जमायचं कशामुळे? पोर्झिंगिस आणि हॉरफर्ड हे दोघे सेंटर (एरवी रिंगजवळ खेळणारे उंच खेळाडू) असून बाहेरून मारायचे. समोरच्या सेंटरला रिंगखालून उठून तीनच्या रेषेपर्यंत यावं लागायचं, आत जागा रिकामी व्हायची आणि तिथे ब्राउन घुसायचा. आता पोर्झिंगिस अटलांटात, ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनिओत, आणि हॉरफर्ड अजून करारमुक्त असला तरी परत येईल असं दिसत नाही. उरला नेमियस केटा. सात फुटी, रिबाउंडला चांगला, स्क्रीन (बचाव करणाऱ्याची वाट अडवून साथीदाराला मोकळं करणं) दणकट लावतो, पण बाहेरून मारत नाही. त्याचा माणूस आरामात रिंगखाली उभा राहील आणि ब्राउनला आत गर्दी मिळेल. लुका गार्झा बाहेरून मारतो, पण समोरच्या संघाच्या पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून लगेच रिंगकडे वळण्याच्या चालीत) त्याचे पाय कमी पडतात. थोडक्यात, एकाकडे शॉट आहे आणि दुसऱ्याकडे डिफेन्स. दोन्ही असलेला एकही नाही.

डिफेन्सचं दुखणं वेगळं. हॉलिडे सहा फूट चार इंचांचा, पण पोस्टमध्ये (रिंगजवळ) सेंटरलाही धरून ठेवायचा. म्हणून बॉस्टनला कुठलाही स्क्रीन आला की बिनधास्त स्विच (अडवायचा माणूस आपसात बदलणं) करता यायचं. सायमन्सने गेल्या वर्षी सामन्यामागे १९.३ पॉइंट केले, त्याचा हात सुरेख आहे, पण स्विचनंतर त्याच्यासमोर कुणीही आलं तरी अडचण. तो आणि पेटन प्रिचर्ड एकत्र कोर्टवर आले की बघ: हे दोघे ज्यांना अडवत असतील त्यांच्यापैकीच एकाला समोरचा संघ स्क्रीनला बोलावणार आणि तोच स्विच पुन्हा पुन्हा मागणार. प्रशिक्षक मझुला त्यांना वेगळं ठेवेल, सायमन्स बेंचवरून येईल असं मला वाटतं. व्हाइट मात्र कायम कोर्टवर हवा, कारण मागून येऊन शॉट अडवणारा गार्ड आता तोच एक.

‘ईस्ट (आपल्या गटातले पूर्वेकडचे संघ) मोकळी आहे’ हा तुझा हुकमी मुद्दा. लिलार्ड, टेटम आणि हॅलिबर्टन, तिघांचेही अकिलिस (टाचेमागचे स्नायुबंध) एकाच प्लेऑफमध्ये तुटले, हे खरं. पण मोकळ्या रस्त्यावर धावायला टेटम आहे कुठे? त्याचं १२ मे ला तुटलं. ड्युरँटचं जून २०१९ मध्ये तुटलं, तो पुढचा अख्खा हंगाम बसला आणि डिसेंबर २०२० मध्ये परतला, तो पुन्हा ड्युरँट म्हणूनच. कोबी आठ महिन्यांत उभा राहिला आणि सहा सामन्यांत गुडघा मोडून बसला. टेटम मार्चमध्ये परतला तर मला आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटेल. त्याच्या कराराला पाच वर्षं आहेत, ३१ कोटी डॉलरच्या वर.

मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये वर जावं, हे तुझ्या भाच्याचं म्हणणंही बाजूला ठेव. तळाच्या तीन संघांनासुद्धा पहिल्या नंबरची शक्यता १४ टक्केच असते, आणि ब्राउन, व्हाइट, प्रिचर्ड खेळत असताना हा संघ तळाला जाणारच नाही. चेंडू हातचा घालवायचा नाही ही सवय मझुलाने लावलीय. मी ४२ ते ४५ विजय धरतो. गेल्या वर्षीचे ६१ विसर.

पुढचं राजकारण सायमन्सभोवती फिरणार. या उन्हाळ्यात करार केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरपासून ट्रेडमध्ये घालता येतात, तेव्हा बाजार खुलतो. शेवटची तारीख ५ फेब्रुवारी. टॅक्स मोजतात तो नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारावर, त्यामुळे फेब्रुवारीत पगार उतरवला तरी वर्षभराचा टॅक्स उतरतो. सायमन्सच्या पगारात सेंटर आणायचा मोह होईल, आणि इथेच फसगत आहे. त्याचा करार उन्हाळ्यात संपतोय. त्या जागी तीन वर्षांचा करार असलेला कुणी आणला तर २०२६-२७ मध्ये काय होईल ते मांड: टेटम ५ कोटी ८४ लाख, ब्राउन ५ कोटी ७० लाख, दोघांचेच साडेअकरा कोटी. त्यावर व्हाइट, हाउझर, प्रिचर्ड आणि नवा सेंटर. एप्रन पुन्हा दारात. पोर्झिंगिसच्या ट्रेडमधून सव्वादोन कोटींचं ट्रेड एक्सेप्शनही (बदल्यात पगार न देता तेवढ्या पगाराचा खेळाडू घ्यायची सवलत) हाताशी आहे, पण ते वापरलं की पगार तेवढाच चढतो, म्हणून ते बहुधा कागदावरच राहील.

मी असतो तर फेब्रुवारीपर्यंत केटाला रोज पंचवीस मिनिटं खेळवून बघितलं असतं, आणि सेंटर घ्यायचाच झाला तर दीड कोटीच्या आतला, फार तर दोन वर्षांचा. तुझं बघ. मात्र पुढच्या पत्रात नुसतं ‘कुणीतरी मोठा आणा’ चालणार नाही. नाव, पगार, कराराची वर्षं आणि त्याचा संघ कुठल्या एप्रनच्या वर आहे, एवढं लिहून पाठव. मग भांडू.

तुझा,
नंदू